मास्तरांची सव्विसावी पेटी

मास्तरांच्या गॅरेजात नव्या गिऱ्हाइकाला आधी खुर्ची मिळते, मग पाणी मिळतं आणि मग नकार मिळतो. खुर्ची एकच आहे आणि तिचा एक पाय आखूड आहे. माझा संशय असा की तो मास्तरांनी मुद्दाम आखूड ठेवला असावा. डगमगणाऱ्या माणसाला उपदेश करणं सोपं जातं.

नकार एकाच गोष्टीला असतो. जुनी मोटारसायकल घेऊन कोणी तरुण, किंवा तरुण दिसायची हौस असलेला माझ्यासारखा कोणी येतो आणि म्हणतो, "मास्तर, ही सीटखालची पेटी काढा आणि पॉड फिल्टर बसवा."

ही पेटी म्हणजे कार्बोरेटरच्या पाठीमागे दडलेला प्लास्टिकचा बेढब काळा डबा. इंजिनाला लागणारी हवा आधी त्यात येते, जराशी थबकते, फिल्टरमधून गाळली जाते आणि मग दोन रबरी नळ्यांतून कार्बोरेटरला मिळते. कंपनी त्याला एअरबॉक्स म्हणते, मास्तर पेटी म्हणतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना पेटीमास्तर म्हणते. पॉड फिल्टर म्हणजे मुठीएवढे दोन चकचकीत शंकू. पेटी उपटायची आणि शंकू थेट कार्बोरेटरच्या तोंडावर क्लिपने आवळायचे. गाडी सीटखाली आरपार दिसते, सडपातळ दिसते आणि ॲक्सिलरेटर पिळला की असा काही आवाज करते की मालकाला ती दुप्पट पळते आहे असं वाटतं. ती पूर्वीइतकीच पळत असते.

"तुमचं नाक वाकडं आहे," मास्तर अशा वेळी मला म्हणाले होते. "म्हणून ते कापून फुप्फुसं छातीबाहेर टांगली तर हवा जास्त लागेल, कबूल. पण आडवा वारा आला की काय कराल?"

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. या जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर हळवे. त्यांच्या आतला रबरी पडदा हवेच्या दाबावर वर-खाली होतो. पेटीतली हवा शांत, म्हणून पडदा शांत. पॉड लावले की वाऱ्याची प्रत्येक झुळूक थेट पडद्याला जाऊन चिमटा काढते. आतले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोट्या, बदलून पेट्रोल वाढवलं तर भरधाव चालताना गाडी सुधारते, पण मधे एक खड्डा राहतोच. ॲक्सिलरेटर अर्धा उघडला की गाडी क्षणभर विचारात पडते. आणि मास्तरांच्या मते रस्त्यावर विचार मालकाने करायचा असतो, गाडीने नाही.

एवढं ऐकूनही गिऱ्हाईक हटलं नाही तर मास्तर पॉड बसवून देत. मात्र एका अटीवर. काढलेली पेटी घरी न्यायची नाही. ती पुसून, जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधून, तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवून गॅरेजच्या माळ्यावर ठेवायची. चिठ्ठीवर अनुक्रमांक, मालक आणि तारीख. चिठ्ठीलाच औषधाची एक छोटी बाटली, तिच्यात गाडीचे मूळ जेट. "परत याल तेव्हा अर्ध्या तासात बसवून देईन," हा शब्द. 'आलात तर' असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. अठ्ठावीस वर्षांत एक्केचाळीस पेट्या वर गेल्या आणि बत्तीस खाली आल्या. माझी एकोणिसावी. चार महिन्यांत खाली आली, आणि त्या दिवशी मास्तरांच्या चेहऱ्यावर जे काही होतं त्याला मी हसू म्हणणार नाही, कारण मला अजून त्यांच्याकडूनच गाडी दुरुस्त करून घ्यायची आहे.

हे सगळं ऐकून मास्तर म्हणजे खंबीर, ठाम माणूस वाटेल. तसं नाही. मास्तर काळजी करण्यासाठी जन्माला आलेत, गाड्या मधल्या वेळात दुरुस्त करतात. बसने प्रवास करतानाही त्यांच्या पिशवीत दोन स्पार्क प्लग असतात. दुरुस्त केलेली गाडी गिऱ्हाईक घेऊन गेलं की ते दारात उभे राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकतात, आणि वळल्यावरही ऐकतात. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून त्या बोलल्या की गॅरेजातच काय, समोरच्या दुकानातही स्पष्ट ऐकू येतं. त्या म्हणतात, "यांना लग्नात विचारलं, कसं वाटतंय, तर म्हणाले, मांडवाचा बोल्ट ढिला आहे."

तर त्या सोमवारी सकाळी फोन आला तेव्हा मी आखूड पायाच्या खुर्चीत बसलो होतो. मास्तर फोनवर "हो, हो" म्हणत होते. मग नुसते "हं" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी हात पुसायला घेतले, ते स्वच्छ असताना.

"काय झालं?"

"सव्विसावी," मास्तर म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वी एका उंच फोटोग्राफरने आपल्या राखी रंगाच्या दोन सिलिंडरच्या गाडीला पॉड लावून घेतले होते. त्याला गाडी चालवण्यापेक्षा तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेण्यात जास्त रस होता, त्यामुळे मधला खड्डा त्याला कधी भेटलाच नाही. आता तो परदेशी गेला होता आणि गाडी त्याची बहीण वापरत होती. बहीण सर्व्हेअर. डोंगरात धरणाच्या कामावर तिची बदली झाली होती आणि शुक्रवारी ती म्हाताऱ्या आईला मागे बसवून घाट चढून जाणार होती. काल तिने सराव म्हणून एका चढावर ट्रकला मागे टाकायचा प्रयत्न केला. ट्रकच्या बरोबरीला आली, ॲक्सिलरेटर पिळला, आणि गाडी विचारात पडली. समोरून बस येत होती.

"मग?"

"ट्रकवाला भला होता. त्याने ब्रेक मारला." मास्तर खाली बसले, पण खुर्चीत मी असल्यामुळे टायरवर. "भाऊ तिला म्हणाला, मास्तरांकडे पेटी आहे, त्यांनी शब्द दिलाय. गुरुवारी येतेय."

"मग आहे ना पेटी. घाबरताय कशाला?"

मास्तरांनी माळ्याकडे पाहिलं. मग बाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीकडे पाहिलं. ती पण राखी, ती पण दोन सिलिंडरची, त्याच कंपनीची, त्याच सालची. आणि मला पुढचं सगळं कळलं.

नऊ वर्षांपूर्वी थंडीत मास्तरांच्या स्वतःच्या पेटीचा कान तुटला होता आणि तिथून पोटापर्यंत तडा गेला होता. नवी मिळेपर्यंत दोन दिवस म्हणून त्यांनी माळ्यावरची सव्विसावी खाली काढली आणि आपल्या गाडीला लावली. नवी मिळाली नाही. कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. दोन दिवसांची नऊ वर्षं झाली. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी सांगताना मास्तरांचे कान लाल झाले. माळ्यावरच्या रांगेत मोकळी जागा दिसू नये म्हणून त्यांनी ऑइलचा रिकामा डबा त्याच चादरीत बांधून, सव्वीस नंबरची चिठ्ठी लावून तिथे ठेवला होता.

"कोण बघणार होतं तिथे?" मी विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

पुढचे तीन दिवस मास्तरांनी जे हाल सोसले ते मी डोळ्यांनी पाहिले, कारण घरी मला कोणी विशेष विचारत नाही. सोमवारी ते जुन्या भंगाराच्या बाजारात गेले आणि तीन पेट्या उचलून आले. एक मोठी, एक छोटी आणि एक मोटारसायकलची नसून कपडे धुण्याच्या यंत्राची निघाली. मंगळवारी त्यांनी ओळखीच्या सगळ्या मेकॅनिकना फोन केले. त्यातल्या दोघांनी विचारलं, "पण तुमच्या माळ्यावर तर असतील की?" तिसऱ्यापासून त्यांनी आपण कोण हे सांगायचं सोडून दिलं.

गॅरेजासमोर हॉर्नवाल्याचं दुकान आहे. हॉर्न, आरसे, रंगीत ग्रिप आणि काचेच्या कपाटात चकचकीत पॉड फिल्टर. तो आणि मास्तर एका वर्गात होते, आणि गेली वीस वर्षं मास्तर त्याच्या कपाटाला 'चकलीचा साचा विकतो' म्हणत आलेत. मंगळवारी संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला.

"काय रे, काही शोधतोयस म्हणे."

"नाही."

"तीन दिवस गिऱ्हाइकाला उपदेश नाही. तब्येत बरी ना?"

"दोनच दिवस झालेत," मास्तर म्हणाले.

"म्हणजे मोजतोयस," हॉर्नवाला म्हणाला आणि गेला. तो हसला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तो काळजीत दिसला, आणि काळजी हा मास्तरांचा प्रांत होता.

वरून वहिनींचा आवाज आला. "अहो, तिची पेटी तिला द्या."

"आणि माझ्या गाडीला काय लावू?"

"समोर मिळतात."

मास्तरांनी वर पाहिलं, समोर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जरा हळू."

"मी हळूच बोलतेय," वहिनी म्हणाल्या, आणि समोरच्या दुकानात कुणीतरी खोकलं.

बुधवारी सकाळी मी गेलो तेव्हा मास्तरांचे डोळे चमकत होते. त्यांनी स्वतःची तडकलेली पेटी, जी अर्थातच फेकलेली नव्हती, तारा तापवून, प्लास्टिक वितळवून, आतून पट्टी लावून सांधली होती. काम इतकं सुरेख की तडा होता हे बोटालाही कळू नये. वर काळा रंग.

"तिच्या गाडीला बसवतो ही," मास्तर म्हणाले. "दोन्ही एकाच कंपनीच्या. तिला काय फरक पडतो?"

मी पेटीकडे पाहिलं. तेही माझ्याकडे बघत नव्हते.

"पेटीच हवी होती ना तिला? पेटी मिळाली," ते म्हणाले. मग नळावर हात धुऊन आले. मग पुन्हा धुऊन आले. "आधी माझ्या गाडीला लावून बघू. चला."

"मी कशाला?"

"तिच्या मागे आई बसणार आहे. मागे वजन हवं."

"आई माझ्या निम्मी असेल."

"असू दे. परीक्षा कडक होईल."

पेटी बदलून आम्ही निघालो. गावाबाहेर नदीवरचा पूल संपला की लांब चढ लागतो, तिथवर गाडी लोण्यासारखी गेली. चढ एकदा चढलो, काही नाही. उतरलो, पुन्हा चढलो, काही नाही. मास्तर हेल्मेटच्या आतून गुणगुणत होते. मी म्हटलं झालं, सुटलो. तिसऱ्या फेरीला पुढे दुधाचा टँकर होता. मास्तरांनी आरसा पाहिला, दिवा दिला, बाजूला घेतली, पिळली. गाडी टँकरच्या मागच्या चाकापर्यंत आली आणि तिने श्वास सोडला.

त्या क्षणाचं वर्णन मला नीट करता येणार नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. मला टँकरच्या चाकाची ऊब गुडघ्याला लागत होती आणि मास्तरांची पाठ दगडासारखी झालेली कळत होती. समोरून हॉर्न वाजला. मास्तरांनी ॲक्सिलरेटर सोडला, गाडी मागे पडली, टँकर पुढे गेला आणि समोरची मोटार आमच्या शेजारून गेली. मोटारीतल्या माणसाने आमच्याबद्दल जे मत दिलं त्याच्याशी मी सहमत होतो.

कडेला गाडी थांबवून मास्तरांनी सीट काढली. सांधा गरम होऊन केसाएवढा उघडला होता. फिल्टरला वळसा घालून हवा चोरून आत शिरत होती, आणि हवा वाढली की पेट्रोल कमी पडणारच. मास्तरांनी त्या फटीवर बोट ठेवलं. मी घामाने भिजून गवतात बसलो होतो.

"वीस मिनिटं चालली," ते म्हणाले. "आपण दोन फेऱ्यांवर परत गेलो असतो तर?"

"तर काय?"

"तर मी तिला हीच लावली असती." ते माझ्याकडे वळले. "आणि खूश झालो असतो."

गुरुवारी सर्व्हेअर बाई दहाच्या ठोक्याला आल्या. मागून आलेल्या हडकुळ्या आई मांडीवर हेल्मेट ठेवून खुर्चीत बसल्या, आणि खुर्ची डगमगली तशी त्यांनी उठून तिच्या आखूड पायाखाली लाकडाची चीप सरकवली. अठ्ठावीस वर्षांत हे कोणालाच सुचलं नव्हतं.

"माळ्यावर आहे ना?" बाईंनी वर पाहत विचारलं. "दादा म्हणाला, चादरीत बांधलेली असते."

मास्तरांनी शिडी लावली. वर चढले. मला वाटलं, आता हे वरच राहतात. ते खाली आले ते सव्वीस नंबरचं गाठोडं घेऊनच. त्यांनी ते बाकावर ठेवून सोडलं. ऑइलचा डबा बाहेर आला. चिठ्ठीला बांधलेली जेटची बाटली तेवढी खरी होती.

"ही तुमची पेटी नाही," मास्तर म्हणाले. "तुमची माझ्या गाडीला आहे. नऊ वर्षं. दोन दिवसांसाठी घेतली होती."

बाईंनी डबा पाहिला, मग बाहेरची गाडी पाहिली. "म्हणजे रविवारी मी ट्रकच्या शेजारी अडकले, तेव्हा माझी पेटी तुमच्याकडे फिरत होती."

"हो."

"आणि मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, या."

"हो. मधे एकदा दुसरीच लावून द्यायचाही विचार केला होता," मास्तर म्हणाले. हे सांगायची काही गरज नव्हती. "काल ती लावून बघितली. चढावर दगा दिला. हे मागे बसले होते, विचारा."

मी मान हलवली. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मोजणीत न जुळणाऱ्या खुणेकडे पाहत असतील.

तेवढ्यात आई म्हणाल्या, "गाडी चालते का तुमची?"

"कोणाची? माझी? चालते."

"आमच्या पेटीवर?"

"हो. नऊ वर्षं एकदा बंद नाही पडली."

"मग माळ्यावर राहिली असती त्यापेक्षा बरं झालं. वर उंदीर आहेत." आईंनी चादरीच्या तुकड्याला पडलेलं भोक बोटाने दाखवलं. "लावा आता. उन्हाच्या आत घरी जायचंय."

बाई मात्र इतक्या सहज विरघळल्या नाहीत. "मी इथे उभी राहून बघणार," त्या म्हणाल्या, "प्रत्येक स्क्रू."

"बघाच," मास्तर म्हणाले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा खांदा जरा खाली आला.

अर्ध्या तासाचं काम तीन तास चाललं. पेटी फ्रेममधून निघायला एकच वाट असते, आधी डावा कान, मग पोट, मग उजवा कान, आणि ती वाट दर वेळी नव्याने शोधावी लागते. रबरी नळ्या कडक झाल्या होत्या. वहिनी उकळत्या पाण्याची किटली घेऊन खाली आल्या, नळ्या पातेल्यात बुडवून मऊ केल्या, आणि जाता जाता बाईंना म्हणाल्या, "खोटं बोलायला यांना येत नाही. प्रयत्न करतात अधूनमधून." बाईंच्या गाडीतले मोठे जेट काढून बाटलीतले मूळ जेट बसवले. बाईंनी प्रत्येकावरचा आकडा स्वतः वाचला. मग मास्तरांनी गाडी सुरू केली, कान लावला, बंद केली, एक क्लिप पाव फेरा आवळली, पुन्हा सुरू केली.

"आता मागे हे बसतील," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, "आणि चालवणार मी. तोच चढ."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी माझं हेल्मेट आधीच उचललं होतं.

चढ आम्ही सात वेळा चढलो. ट्रक होते, टँकर होते, एकदा गवताची गाडी होती. गाडी एकदाही विचारात पडली नाही. परत आलो तेव्हा मास्तर दारात उभे होते आणि ते किती वेळ तिथे उभे होते हे वहिनींनी वरून सगळ्या गल्लीला सांगितलं. बाईंनी मास्तरांचे आभार मानले नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "वर पोचल्यावर फोन करीन. झोप लागू नये तुम्हाला तोवर."

"नाहीच लागणार," मास्तर मनापासून म्हणाले.

शुक्रवारी सकाळपासून फोन बाकावर, पान्यांच्या मधोमध ठेवलेला होता. मास्तरांच्या गाडीच्या सीटखाली आरपार दिसत होतं. कार्बोरेटरच्या तोंडांना फडकं कोंबलेलं. बाराला ते म्हणाले, घाट सुरू झाला असेल. एकला म्हणाले, वळणं लागली असतील. दीडला त्यांना आठवलं की उजव्या नळीची क्लिप त्यांनी आवळली होती, पण आवळल्यानंतर पाहिली होती का? मी म्हटलं, बाईंनी पाहिली होती. "बाईंनी पाहिली, पण मी पाहिली का?" दोनला त्यांनी रोग्याच्या नाडीसारखा फोन हातात धरून पाहिला. अडीचला ते न बोलता उठले आणि रस्ता ओलांडून हॉर्नवाल्याच्या दुकानात गेले.

मी दारातून पाहत होतो. हॉर्नवाल्याने कपाट उघडलं, शंकूंची एक जोडी काढली, फडक्याने पुसली आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली. त्याला वीस वर्षांची टोमण्यांची थकबाकी वसूल करता आली असती. तो म्हणाला, "चकलीचा साचा. मधला, जाड की बारीक?"

"जो कमी आवाज करेल तो," मास्तर म्हणाले.

"मग उशी बांध."

तेव्हा फोन वाजला. मास्तर रस्ता ओलांडून आले ते दोन्ही बाजूंना न पाहता, आणि हे त्यांनी जन्मात प्रथमच केलं. मी फोन त्यांच्या कानाला लावला, कारण त्यांच्या दोन्ही हातांत शंकू होते. पलीकडून आईंचा आवाज आला, हेल्मेटमधून बोलल्यासारखा.

"पोचलो. पाच ट्रक मागे टाकले. सहाव्याच्या मागे मीच राहायला सांगितलं, त्याच्यावर छान चित्र होतं."

"गाडी कुठे थबकली का? अर्ध्यावर? वळणावर?"

"नाही हो. तुम्ही जेवलात का?"

मास्तर जेवले नव्हते. ते दोन्ही शंकू मांडीवर धरून टायरवर बसले. मग म्हणाले, "परत घाट उतरताना क्लिप तपासायला सांगायला हवं होतं."

तडकलेली पेटी आता चादरीत बांधून माळ्यावर आहे. तिला बेचाळीस नंबरची चिठ्ठी आहे आणि मालकाच्या जागी मास्तरांनी स्वतःचं लिहिलं आहे. ऑइलचा डबा भंगारात गेला. नव्या गिऱ्हाइकाला अजूनही खुर्ची, पाणी आणि नकार मिळतो. फक्त खुर्ची आता डगमगत नाही, त्यामुळे माणसं जास्त वाद घालतात, आणि मधेच कोणीतरी बाहेरच्या राखी गाडीकडे बोट दाखवतं. तेव्हा मास्तर म्हणतात, "म्हणूनच सांगतोय."

चढावर ते आता ट्रकच्या मागेच राहतात. आणि सकाळी गॅरेजातून निघताना गाडी सुरू करत नाहीत. हाताने ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतात, वळतात आणि मग किक मारतात, आवाज गल्लीत येऊ नये म्हणून. हॉर्नवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून दुसरीकडे पाहतो. वरच्या खिडकीतून वहिनी सांगतात, "निघाले हो."

सगळी गल्ली ऐकते.